रोजा, धाव आणि वजनाचा काटा

असरची नमाज झाली, की रमजानमध्ये शहराची चाल बदलते. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज, सिटी चौक, रोशन गेट या भागांत कढया चढतात, फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होते आणि दुचाकीवरचा प्रत्येक माणूस घर गाठायच्या घाईत असतो. नेमक्या त्याच वेळी दिल्ली गेटच्या पलीकडे, हिमायत बागेत, सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ बुटाच्या नाड्या बांधत असतात. रोजा सुटायला अजून पाऊण तास आहे. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. ते उठतात, दहा मिनिटे चालतात आणि मग आंब्याच्या झाडांमधल्या वाटेवर सावकाश धावू लागतात. इतके सावकाश, की शेजारून भरभर चालणारा एखादा तरुण सहज पुढे निघून जावा.

हे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मुख्याध्यापक आहेत. मोहल्ल्यात त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा धावले, तेव्हा बाकावर बसलेल्या त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने हाक मारली होती, “क्या सर, कुत्ता पीछे लगा क्या?” त्या दिवशी ते एका आंब्यापासून दुसऱ्या आंब्यापर्यंत गेले आणि गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. वजन ८६ किलो, उंची पाच फूट सहा इंच, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि त्या उंबरठ्यापलीकडचे घर त्यांनी आतून पाहिलेले होते.

त्यांच्या वडिलांना मधुमेह होता. साखर उतरवणाऱ्या गोळ्या ते सहरला घेत आणि दिवसभर उपाशी राहत. एका रमजानमध्ये एकविसाव्या रोजाला, इफ्तारला थोडा वेळ उरलेला असताना, ते मशिदीच्या पायऱ्यांवर कोसळले. साखर पन्नासच्याही खाली गेली होती. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले. डॉक्टरांनी रोजे बंद करायला सांगितले. पण चाळीस वर्षे एकही रोजा न चुकवलेल्या माणसाला ते मानवेना. पुढच्या वर्षी त्यांनी डॉक्टरांपासून आणि घरच्यांपासून लपवून रोजे धरले, आणि त्याच वर्षी ईद झाल्यावर काही दिवसांत ते गेले. वय अठ्ठावन्न. “अब्बांना वाटायचं, रोजा सोडला तर अल्लाहला काय तोंड दाखवणार,” सर सांगतात. “अल्लाहनंच सवलत दिली आहे, हे त्यांना नीट समजावून सांगणारं कोणी भेटलंच नाही.”

ती सवलत कुरआनमध्ये स्पष्ट आहे. सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केल्याचा आदेश जिथे येतो, तिथेच लागून आजारी आणि प्रवासी माणसाला सूट दिलेली आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढता येतात. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने एका गरिबाला जेवू घालावे. ही पळवाट नव्हे, आदेशाचाच भाग आहे. तरीही दरवर्षी प्रत्येक मोहल्ल्यात असे एक-दोन अब्बा निघतातच.

यामागची वैद्यकीय बाजू आता बरीच अभ्यासली गेली आहे. २००१ मध्ये तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांची पाहणी झाली. टाइप-२ मधुमेह असलेल्यांमध्ये जवळपास ऐंशी टक्के लोक रोजे धरत होते, आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये इतर महिन्यांच्या सातपट झाले होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी मार्गदर्शक सूचनाच तयार केल्या. त्यातली एक प्रत्येक घरात ठाऊक असावी. दिवसा केव्हाही साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटे उरलेली असोत. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून रमजानच्या महिनाभर आधी बदलून घ्याव्या लागतात. चंद्र दिसल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

सरांना मात्र त्या उंबरठ्यावरूनच मागे फिरायचे होते.

चाळिशी उलटली की ‘मेटाबॉलिझम मंदावतं हो, काय करणार’ असे आपण सगळेच म्हणतो. हे वाक्य फार सोयीचे आहे, पण ते तितकेसे खरे नाही. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतली, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंतची ६४०० हून अधिक माणसे त्यात होती. शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण हिशेबात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो, असे त्यात दिसले. बदलते ते बाकीचे सगळे. तिशीनंतर दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू झिजतात. सायकल जाऊन स्कूटर येते, वर्गात उभे राहून शिकवणारा माणूस मुख्याध्यापक होऊन खुर्चीत बसतो, झोप कमी होते. ताट मात्र पंचविशीचेच राहते.

त्यात आपली शरीरे जरा फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे प्रा. जॉन युडकिन यांची एक तुलना ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापून आली होती. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही भारतीय ठेवण. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. घरातली शिवणकामाची फीत वजनाच्या काट्यापेक्षा खरे बोलते, ती अशी.

सरांचे पहिले चार महिने चालण्यातच गेले. ८६ किलोच्या माणसाने पहिल्या दिवसापासून धावू नये. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पायावर येतो. आधी ईसीजी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घेतले. मग तीस मिनिटे चाल, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, तो हिशेब इथे बसतो. पाचव्या महिन्यात एक मिनिट धाव आणि तीन मिनिटे चाल. मग दोनास दोन. वेग मोजायला घड्याळ घेतले नाही. त्यांनी स्वतःचेच माप शोधले. धावता धावता मनात नव्हे, तर ओठांवर दरूद म्हणायचा. दम न तुटता पुरा झाला, तर चाल बरोबर आहे. मध्येच श्वास अडकला, तर हळू व्हायचे. डॉक्टरही हेच सांगतात, की धावताना एक वाक्य बोलता आले पाहिजे. फरक एवढाच, की या मापाला सवाबही मिळतो.

‘धावून गुडघे जातात’ हे त्यांना निदान पन्नास जणांनी ऐकवले असेल. प्रत्यक्षात बेताने, हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही, असे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसते. गुडघे जातात ते वजनाने, घाईने आणि झिजलेल्या बुटांनी.

आठ महिन्यांत सात किलो उतरले. मग रमजान आला.

रोजे धरल्याने वजन आपोआप उतरते, हा समज मुस्लिमेतर मित्रांमध्ये फार आहे. मुस्लिम घरात राहणाऱ्याला त्यावर हसू येते. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा गोषवारा असा, की महिन्यात सरासरी एक ते दीड किलो वजन कमी होते आणि पुढच्या काही आठवड्यांत ते परत येते. आणि ही सरासरी आहे. सिटी चौकातली संध्याकाळ ज्याने पाहिली आहे, त्याला सरासरीच्या वरची माणसेही माहीत असतात. समोसे, भजी, दहीवडे, गुलाबी सरबत, त्यानंतर मगरिब, मग जेवण. जेवणात या शहराचा लाडका नान-खलिया. तरावीहनंतर पुन्हा मित्रांबरोबर फालुदा. सहरला दुधात बुडवलेला खजला. तेरा तासांचा उपवास आणि अकरा तासांचे खाणे, असा हा हिशेब होतो. सरांचे त्या महिन्यात साडेतीन किलो वाढले. ईदच्या शीरखुर्म्याने त्यावर आणखी थोडी साय चढवली.

त्यांनी मग गणित मांडले. शिक्षकच ते! धावताना साधारण दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. ऐंशी किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला, तर चारशे कॅलरी. एका मोठ्या तळलेल्या समोशात साधारण अडीचशे. म्हणजे दोन समोसे खाल्ले, की पाच किलोमीटरची धाव पाण्यात गेली, वर शंभर कॅलरींची उधारी. वजन उतरते ते ताटातून. धावणे हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, आणि उतरलेले वजन टिकवण्यासाठी. हे दोन धंदे वेगळे आहेत, आणि मध्यमवयात बहुतेक लोक इथेच गोंधळतात. महिनाभर जीव तोडून धावतात, काटा हलत नाही म्हणून बूट माळ्यावर टाकतात.

दुसऱ्या वर्षापासून घरात नियम झाले. इफ्तार खजूर आणि पाण्याने, थोडी फळे. मग मगरिबची नमाज, आणि तिथून आल्यावर एकदाच जेवण. तळण फक्त जुम्याला. सहरला खजल्याच्या जागी मराठवाड्याची ज्वारीची भाकरी, डाळ, दही, अंडी. कधी जुन्या पद्धतीची खिचडी, खीमा आणि खट्टा. पोटाचे तीन भाग करावेत, एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण प्रत्येक मदरशात शिकवली जाते. ती दस्तरखानावर पोहोचायला एवढा वेळ का लागतो, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

नियम करणे सोपे, पाळणे अवघड. शेजारी एकमेकांकडे इफ्तारीची ताटे पाठवतात, ती परत कशी करायची? मेहुण्याने दावत दिली आणि सर दोन खजूर खाऊन उठले, तर मेहुण्याच्या घरात दोन दिवस अबोला. “भाईजान को हमारा खाना हराम हो गया क्या?” असा निरोप आला. शेवटी तडजोड झाली. दावतीला जायचे, सगळे चाखायचे, पण ताट दुसऱ्यांदा पुढे करायचे नाही.

धावण्याची वेळ ठरवायलाही एक रमजान गेला. सहरनंतर लगेच धावले, तर उरलेला सगळा दिवस पाण्यावाचून काढायचा. तरावीहनंतर धावले, तर रात्रीचे साडेदहा वाजतात आणि पहाटे साडेचारला पुन्हा उठायचे. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, हे वजन उतरवणाऱ्याने विसरू नये. दुपारच्या कैलुल्याची, म्हणजे वामकुक्षीची, रीत उगाच नाही. इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी धावणे शरीराला सर्वांत सोयीचे, कारण पाणी आणि अन्न दोन्ही मिळालेले असते. पण ती वेळ इशा आणि तरावीहची. म्हणून सरांनी इफ्तारपूर्वीचा अर्धा तास निवडला. त्या वेळी यकृतातला साखरेचा साठा बराच रिकामा झालेला असतो, शरीर चरबी जाळत असते, पण पाणी दिवसभरातले सर्वांत कमी असते. म्हणून नेहमीच्या निम्मे अंतर, तेही आठवड्यातून चारच दिवस. वेग वाढवायचा नाही. चक्कर, छातीवर दाब, डोळ्यांपुढे अंधारी यांतले काहीही झाले तर थांबायचे आणि गरज पडली तर रोजा सोडून पाणी घ्यायचे. खिशात खजूर असतेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र ही वेळ निवडू नये. वडिलांच्या पायऱ्या त्यांना अजून दिसतात.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला, रोजा तेरा तासांच्या आसपास, ऊन सोसण्यासारखे. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा येईल. जानेवारीत होणारी मुंबई मॅरेथॉन त्या सुमारास रमजानमध्येच सापडेल. रोजा धरून बेचाळीस किलोमीटर धावावे का? ब्रिटनच्या मो फराहने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दहा हजार आणि पाच हजार मीटरची दोन सुवर्णपदके रमजानच्याच महिन्यात जिंकली, आणि त्याने ते रोजे पुढे ढकलले होते. त्याआधी बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान रोजे धरून अमेरिकेत व्यावसायिक सामने खेळत असे. दोघांनीही विचार करूनच ठरवले असणार. सर्वसामान्य पन्नाशीच्या माणसाने अशी पैज लावू नये, एवढेच.

धावणे हे आपले काम नव्हे, आपण बिर्याणीवाले, असा विनोद मुस्लिम वस्त्यांत चालतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. प्रेषितांच्या चालण्याचे वर्णन उतारावरून येणाऱ्या माणसासारखे, झपाझप, असे केले आहे. त्यांचे सहकारी सलमा बिन अकवा (रजि.) हे पायी धावून लुटारूंचा पाठलाग करण्यासाठी प्रसिद्ध होते. आणि सर्वांत गोड हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. एका प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषितांशी धावण्याची शर्यत लावली आणि जिंकली. पुढे काही काळाने त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित जिंकले आणि म्हणाले, ही त्या पहिल्या हारीची परतफेड. प्रेषितांचे वय त्या वेळी पन्नाशीच्या पुढे होते. वजन, वय, धावणे आणि नवरा-बायकोचा खेळकरपणा, सगळे या एका छोट्या प्रसंगात आहे. पण जुम्याच्या बयानात तो क्वचितच ऐकायला मिळतो.

तो ऐकायला मिळाला, तर कदाचित सरांच्या पत्नीसारख्या बायकांची वाट थोडी सोपी होईल. रमजानमध्ये असरपासून मगरिबपर्यंत त्या चुलीपुढे उभ्या असतात. घरात सगळ्यांना वाटते, दिवसभर कामच करते, तिला वेगळा व्यायाम कशाला? पण उभे राहण्याने टाचा दुखतात, हृदय आणि हाडे मजबूत होत नाहीत. पाळी थांबण्याच्या वयात हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि चरबी पोटाकडे सरकते. पुरुष रस्त्यावर, मैदानात, कुठेही धावतो. बाईने धावायचे कुठे? या बाईंनी दोन शेजारणींना घेऊन फजरनंतर चालायला सुरुवात केली. वर बुरखा, खाली मुलाचे जुने स्पोर्ट्‌स शूज. पहिल्या आठवड्यात लोक वळून पाहत. आता त्या सात जणी आहेत. तळण कमी झाल्याने संध्याकाळचा तासभर वाचला, हा त्यांच्या मते नवऱ्याच्या धावण्याचा खरा फायदा. आठवड्यातून दोनदा त्या खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठतात-बसतात. सरही तेच करतात, शिवाय भिंतीला टेकून जोर. स्नायू टिकवायला नुसते चालणे-धावणे पुरत नाही.

तीन वर्षांनंतरचा हिशेब असा : वजन ७४, कंबर ९४, साखर ५.५. बीएमआय अजूनही २६ च्या वर, म्हणजे भारतीय मापाने ते लठ्ठच. मधल्या हिवाळ्यात घोटा मुरगळला, दोन महिने बसून काढले आणि चार किलो परत आले. ते उतरवायला सहा महिने लागले. ज्या विद्यार्थ्याने कुत्र्याची हाक मारली होती, तो आता कधीमधी बरोबर धावतो. वय तेहतीस, वजन ९२.

ईदच्या दिवशी छावणीच्या ईदगाहपर्यंत पायी जायचे, असा यंदाचा बेत आहे. ईदगाहला पायी जावे आणि परतताना वेगळ्या वाटेने यावे, ही सुन्नत. धाकटा मुलगा कुरबुरतो आहे, “अब्बा, नया कुर्ता पसीने में भीग जाएगा.” त्याच्यावर तोडगा निघाला आहे. जाताना पायी, आणि येताना वेगळ्या वाटेने रिक्षात. मुलाने त्यात आणखी एक अट घातली आहे. घरी आल्यावर शीरखुर्म्याची वाटी कोणी मोजायची नाही.